मोकाट मांजरासाठी योग्य घर कसे शोधावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवारात अधूनमधून दिसणारे, पण माणसाची चाहूल लागताच दिसेनासे होणारे मांजर पाहिले की त्याला हक्काचे घर मिळावे असे मनापासून वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे. मात्र घर म्हटल्यावर बंद दार, मऊ गादी आणि जवळ घेणारे माणूस असे जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते, ते अशा मांजराला बहुधा नकोसे असते. त्याच्या दृष्टीने सुरक्षित ठिकाण कोणते, ते कसे मिळवावे आणि मांजराला तेथे कसे रुजवावे, याविषयी वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

मोकाट मांजर नेमके कोणते? ते जंगली असते का?

नाही. मोकाट मांजर आणि घरात झोपणारे मांजर एकाच प्रजातीचे असतात. फरक असतो तो वाढण्याचा. ज्याचा जन्म उघड्यावर झाला आणि ज्याला पिल्लूपणी माणसाचा स्पर्श, वास व आवाज यांची सवय झाली नाही, ते मांजर मोठेपणी माणसाकडे धोका म्हणूनच पाहते. घरात वाढून नंतर हरवलेले किंवा सोडून दिलेले मांजरही काही वर्षे एकटे राहिल्यावर असेच बुजरे होऊ शकते, परंतु त्याची माणसाशी असलेली जुनी ओळख पुष्कळदा परत येते. रानमांजर ही मात्र वेगळी वन्य प्रजाती आहे. तिला पकडणे, हलवणे किंवा पाळणे कोणीही करू नये आणि तो येथील विषयही नाही.

समोरचे मांजर मोकाट आहे की हरवलेले पाळीव, हे कसे ओळखावे?

सर्व निर्णय या एका उत्तरावर अवलंबून असल्यामुळे येथे घाई करू नये. हरवलेले पाळीव मांजर दिवसाही दिसते, माणसाकडे पाहते, अंतर राखूनही म्याव करते आणि काही दिवसांत शेपटी उभी धरून जवळ येण्याचा प्रयत्न करते. मोठी मांजरे आपापसांत क्वचितच म्याव करतात. तो आवाज प्रामुख्याने माणसासाठी असतो. त्यामुळे म्याव करणारे मांजर पूर्वी कोणाच्या तरी सहवासात राहिलेले असण्याची शक्यता बरीच असते. मोकाट मांजर शक्यतो अंधार पडल्यावर बाहेर येते, अंग जमिनीलगत ठेवून भिंतीच्या कडेने जाते, नजरेला नजर देत नाही आणि आपण दूर गेल्याशिवाय अन्नाला तोंड लावत नाही.

अंगावरील केसांवरून केलेला अंदाज अनेकदा चुकतो. मळलेले, हडकुळे मांजर मोकाटच असणार असे आपण धरून चालतो, परंतु उघड्यावर जन्मलेले निरोगी मांजर स्वतःला व्यवस्थित चाटून स्वच्छ ठेवते, तर नुकतेच रस्त्यावर आलेले पाळीव मांजरच अधिक दयनीय दिसते. एका कानाचे टोक सरळ रेषेत कापलेले दिसल्यास त्या मांजराची नसबंदी झालेली आहे आणि कोणीतरी त्याची देखभाल करत आहे किंवा पूर्वी करत होते, असे समजावे. ही खूण शस्त्रक्रियेच्या वेळी, भुलीच्या अवस्थेत केली जाते आणि ती दुरूनही ओळखता येते.

पिंजऱ्यात सापडलेल्या मांजराच्या वागण्यावरून मात्र कोणताही निष्कर्ष काढू नये. घाबरलेले लाडके मांजरही पिंजऱ्यात फिस्कारते, पंजा मारते आणि कोपऱ्यात अंग चोरून बसते. त्याला शांत, झाकलेल्या जागेत काही दिवस ठेवावे, पशुवैद्याकडून शरीरात ओळखचिप आहे का ते तपासून घ्यावे, आसपास चौकशी करावी आणि त्यानंतरच त्याच्या भवितव्याचा विचार करावा. कोणाचे तरी हरवलेले मांजर मोकाट समजून दूर नेऊन सोडणे हा त्या मांजरावर आणि त्याला शोधणाऱ्या घरावर, दोघांवरही अन्याय आहे.

भरपूर माया लावली तर मोठे मोकाट मांजर माणसाळणार नाही का?

बहुतेक वेळा नाही, आणि ते मायेच्या कमतरतेमुळे नव्हे. मांजराच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान असा काळ येतो, जेव्हा ते ज्या प्राण्यांच्या सहवासात असते त्यांना आपले मानण्यास शिकते. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून हा काळ स्पष्ट झाला. या आठवड्यांत रोज हाताळलेली पिल्ले माणसाजवळ सहज येतात, तर त्यानंतर हाताळणी सुरू झालेली पिल्ले तुलनेने दूरच राहतात. पुढील संशोधनात असेही आढळले, की ज्या पिल्लांचा बाप धीट आणि मनमिळाऊ स्वभावाचा असतो, ती बापाला कधीही न पाहतासुद्धा अधिक धीट निघतात. म्हणजे स्वभावाचा काही भाग जन्मानेच येतो आणि काही भाग अशा काळात घडतो, जो मोठ्या मांजराच्या बाबतीत केव्हाच उलटून गेलेला असतो.

काही मोठी मोकाट मांजरे अन्न देणाऱ्या एका व्यक्तीला स्वीकारतात, तिच्या पायांपाशी येऊन बसतात, क्वचित पाठीवरून हातही फिरवू देतात. तरीही दुसरे कोणी आले की ती पळून जातात आणि खोलीत बंद केल्यास दिवसच्या दिवस कपाटामागे बसून राहतात. सतत भीतीच्या छायेत जगणाऱ्या मांजराचे खाणे कमी होते, मूत्राशयाचे विकार बळावतात आणि दबलेला श्वसनसंसर्ग उफाळून येतो. त्याला घरात आणले याचे समाधान आपल्याला मिळते. त्याची किंमत ते मांजर मोजत असते. माझे स्पष्ट मत असे आहे, की मोठ्या मोकाट मांजराला घरात ठेवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा त्याच्या अटींवर त्याची काळजी घेणे हेच खरे प्रेम आहे.

पिल्लांच्या बाबतीतही हेच लागू होते का?

नाही, पिल्लांचा प्रश्न वेगळा आहे आणि आशादायकही आहे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू शांत खोलीत ठेवून, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ हाताळल्यास बहुधा एक-दोन आठवड्यांत माणसाळते आणि त्याला नेहमीसारखे घर मिळू शकते. आठ ते बारा आठवड्यांच्या पिल्लासाठी अधिक चिकाटी लागते. चार महिन्यांनंतर मात्र यशाची खात्री देता येत नाही; त्या वयाच्या पिल्लाला जबरदस्तीने माणसाळवण्यात महिने घालवण्यापेक्षा त्याची नसबंदी करून त्याला त्याच्या आईच्या परिसरात राहू देणे पुष्कळदा हिताचे ठरते.

अगदी लहान पिल्ले दिसली म्हणून ती लगेच उचलू नयेत. आई शिकारीला गेलेली असते आणि काही तासांत परतते. पिल्ले स्वतः खाऊ लागेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत, आईचे दूध त्यांच्यासाठी सर्वांत उत्तम असते. त्यानंतर पिल्ले वेगळी करून आईला नसबंदीसाठी नेता येते. या टप्प्यावर दिरंगाई करू नये, कारण दूध पाजणारी भाटीसुद्धा पुन्हा गाभण राहू शकते.

मग मोठ्या मोकाट मांजरासाठी योग्य घर म्हणजे काय?

जेथे रोज अन्न व पाणी मिळते, ऊन-पाऊस-थंडी टाळण्यासाठी आडोसा आहे, लपायला आणि उंचावर चढायला जागा आहे, आजारपणात लक्ष घालणारी एक जबाबदार व्यक्ती आहे आणि माणसापासून दूर राहण्याचे स्वातंत्र्य आहे, ते त्याचे योग्य घर. हे वर्णन वाचल्यावर अनेकांच्या लक्षात येते, की ते मांजर सध्या राहते तीच जागा थोड्या सुधारणेने या व्याख्येत बसू शकते. नवे घर शोधण्याआधी हा पर्याय प्रामाणिकपणे तपासावा.

मांजराला आपल्या परिसराची फार खोल ओळख असते. कोणत्या फटीतून निसटता येते, कुत्रे कोणत्या वेळी येते, पावसात कोरडे कोठे राहते, हे सारे त्याने अनुभवातून शिकलेले असते. त्याला तेथून उचलले की हे सगळे ज्ञान एका क्षणात निरुपयोगी होते. शिवाय ज्या अन्नामुळे आणि आडोशामुळे ते तेथे राहत होते, ती कारणे कायम राहिल्यास रिकाम्या झालेल्या जागी आसपासची, नसबंदी न झालेली मांजरे येऊन स्थिरावतात. म्हणूनच पकडणे, नसबंदी व लसीकरण करणे आणि मूळ जागी परत सोडणे ही पद्धत अनेक देशांत स्वीकारली गेली आहे. नसबंदीनंतर बोक्यांची भांडणे, रात्रीचे ओरडणे आणि मूत्राचे उग्र फवारे बरेच कमी होत असल्यामुळे शेजाऱ्यांच्या बहुतेक तक्रारीही तेथेच मिटतात.

मांजराला दुसरीकडे हलवणे कधी आवश्यक ठरते?

इमारत पाडली जाणार असेल, मांजरांना विष घालण्याचा किंवा मारण्याचा खरा धोका असेल, देखभाल करणारी एकमेव व्यक्ती कायमची जात असून दुसरे कोणीही पुढे येत नसेल, किंवा ते मांजर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या संरक्षित क्षेत्रात राहत असेल, तर हलवणे समर्थनीय आहे. शेजाऱ्यांची नाराजी हे एवढेच कारण असल्यास आधी संवाद साधावा, अन्न देण्याची वेळ व जागा बदलून पाहावी आणि नसबंदी पूर्ण करावी. मोकाट प्राण्यांना एका ठिकाणाहून दुसरीकडे सोडण्यावर अनेक ठिकाणी कायद्याचे निर्बंध असतात, त्यामुळे स्थानिक प्रशासनाकडे चौकशी केल्याशिवाय पाऊल उचलू नये.

नव्या जागेसाठी कोणती ठिकाणे विचारात घ्यावीत?

गोठे, तबेले, शेतावरील कोठारे, रोपवाटिका, गोदामे, कार्यशाळा आणि मोठे कुंपण असलेली आवारे ही साधारणपणे चांगली ठिकाणे आहेत. अशा जागी माणसांची रोज ये-जा असते, पण मांजराच्या अंगाला हात लावण्याची कोणालाही गरज नसते.

जागा पाहायला गेल्यावर काय तपासावे?

सर्वप्रथम विषाची चौकशी करावी. उंदरांसाठी ठेवलेली रक्त पातळ करणारी विषे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस मंदावलेल्या अवस्थेत फिरत राहतो आणि मांजराच्या तावडीत सहज सापडतो. असे उंदीर खाणाऱ्या मांजरालाही अंतर्गत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून जेथे विष वापरले जाते आणि ते थांबवण्याची तयारी नाही, ती जागा कितीही प्रशस्त असली तरी नाकारावी. यंत्रांच्या थंडाव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवातील इथिलीन ग्लायकॉल अगदी थोड्या प्रमाणातही मांजराची मूत्रपिंडे निकामी करते, त्यामुळे कार्यशाळेत तो सांडलेला किंवा उघडा नाही ना, हे पाहावे.

त्यानंतर रस्ता पाहावा. भरधाव वाहनांचा रस्ता लागूनच असेल तर तेथे मांजर देऊ नये. आवारातील कुत्रे मांजराच्या मागे लागते का, हे मालकाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः काही वेळ थांबून पाहावे. तेथे आधीपासून मांजरे असल्यास त्यांची नसबंदी झाली आहे का, हे विचारावे. एकदा दिवसा आणि एकदा रात्री अशी भेट देणे श्रेयस्कर, कारण दिवसा शांत वाटणाऱ्या आवारात रात्री कुत्री मोकळी सोडली जातात किंवा सगळी दारे बंद होऊन आडोसाच उरत नाही, असे प्रकार आढळतात.

आडोसा साधा असला तरी चालतो, मात्र तो जमिनीपासून थोडा उंच, कोरडा आणि एका मांजरापुरत्या तोंडाचा असावा. थंड प्रदेशात आत कापड न घालता कोरडे काड भरावे; कापड ओलावा धरून ठेवते आणि मांजराच्या अंगातील ऊब शोषून घेते. उष्ण प्रदेशात सावली आणि खेळती हवा यांना अधिक महत्त्व आहे.

आसपासच्या वन्यजीवांचा विचार हा तपासणीचा अविभाज्य भाग मानावा, कारण मांजर पोट भरलेले असतानाही शिकार करते. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील मॅरियन बेटावर १९४०च्या दशकाच्या अखेरीस उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाच मांजरे नेण्यात आली. १९७७ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ३,४०० झाली, ती दर वर्षी लाखो समुद्रपक्षी मारू लागली आणि १९९१ पर्यंत तेथील सर्व मांजरे नष्ट करण्यात आली. पक्ष्यांचीही हानी झाली आणि शेवटी मांजरांचीही. म्हणून अभयारण्य, पाणथळ जागा, बेट किंवा पक्ष्यांची वसाहत यांच्या जवळ मांजराला घर देऊ नये, आणि कोठेही नसबंदीशिवाय मांजर सोडू नये.

उंदीर मारायला मांजर हवे आहे, पण खायला देणार नाही, असे म्हणणाऱ्याला मांजर द्यावे का?

देऊ नये. उपाशी मांजर चांगला शिकारी होते हा समज चुकीचा आहे. उपाशी मांजर अन्नाच्या शोधात जागा सोडून जाते. मांजराकडून अपेक्षाही वास्तव असाव्यात. लहान उंदीर ते सहज मारते, पण मोठ्या घुशीसारख्या ताकदवान प्राण्याच्या वाटेला बहुधा जात नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका पुनर्वापर केंद्रात केलेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. तेथे ७९ दिवस कॅमेरे लावले असता, भरपूर मोठे उंदीर आणि मोकाट मांजरे एकत्र असूनही मांजरांनी केवळ दोन उंदीर मारल्याचे नोंदले गेले. मांजरे दिसली की उंदीर लपून राहत होते, एवढाच परिणाम प्रामुख्याने जाणवला.

जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीशी काय बोलून घ्यावे?

रोजचे अन्न-पाणी कोण देणार, ती व्यक्ती गावाला गेल्यास कोण देणार, मांजर जखमी झाल्यास पशुवैद्याकडे कोण नेणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार, हे स्पष्टपणे विचारावे आणि शक्य असल्यास लिहून घ्यावे. जागेच्या मालकाची परवानगी आणि प्रत्यक्ष देखभाल करणाऱ्या कामगाराची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघांशीही बोलावे, कारण पहाटे थाळीत अन्न घालणारा हात बहुधा मालकाचा नसतो. हे मांजर कधीही कुशीत येणार नाही, पहिले काही आठवडे दिसणारही नाही, हेही आधीच सांगून टाकावे. हे ऐकून ज्यांचा उत्साह मावळतो त्यांना नकार देणे पुढील मनस्तापापेक्षा सोपे असते.

हलवण्यापूर्वी कोणती वैद्यकीय तयारी करावी?

नसबंदी, रेबीजची लस, मांजरांसाठीची संयुक्त लस, जंतनाशक आणि पिसवांवरील उपचार हे सर्व एकाच भुलीत उरकून घ्यावे, कारण मोकाट मांजर पुन्हा पकडले जाईल याची शाश्वती नसते. मांजराचा गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो आणि चार-पाच महिन्यांची भाटीही गाभण राहू शकते, म्हणून 'अजून लहान आहे' असे म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. बोक्याची प्रजननक्षमता शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे टिकू शकते, हेही लक्षात ठेवावे. कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिनयुक्त पिसूनाशके आणि माणसांसाठीचे पॅरासिटामॉल ही दोन्ही मांजरासाठी प्राणघातक आहेत. कोणतेही औषध पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये.

मोकाट मांजर पकडायचे कसे?

हाताने, पोत्याने किंवा दोरीने अजिबात पकडू नये. यासाठी पाय पडताच दार बंद होणारा पेटीसारखा सापळा पिंजरा वापरतात. काही दिवस ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अन्न द्यावे. मग पिंजरा उघडा बांधून ठेवून, दार पडणार नाही अशा रीतीने त्यातच अन्न ठेवावे. पकडण्याच्या आदल्या दिवसापासून मोठ्या मांजराचे अन्न बंद करावे, पाणी मात्र ठेवावे. तळाला वर्तमानपत्र अंथरावे, तीव्र वासाचे अन्न अगदी मागच्या टोकाला ठेवावे आणि स्वतः नजर पोहोचेल एवढ्या अंतरावर थांबावे.

दार पडल्याच्या क्षणी मांजर जाळीवर आदळते, नाक आणि पंजे रक्तबंबाळ करून घेते. त्या वेळी धावत न जाता शांतपणे जाऊन जाड चादरीने पिंजरा चारही बाजूंनी झाकावा. बहुधा काही क्षणांतच आतील धडपड थांबते. चादर वाहतुकीदरम्यान आणि पशुवैद्याकडेही काढू नये. लावलेला पिंजरा सोडून निघून जाणे, तो उन्हात ठेवणे किंवा अन्नात झोपेचे औषध मिसळणे हे तिन्ही प्रकार जिवावर बेतू शकतात. अर्धवट गुंगीतले मांजर भरकटते आणि रस्त्यावर सापडते. पकडलेल्या भाटीचे स्तन सुजलेले व आसपासचे केस गळलेले दिसल्यास तिची पिल्ले जवळपास आहेत असे समजून आधी त्यांचा शोध घ्यावा.

नव्या जागी नेऊन थेट सोडले तर काय होते?

ते पळून जाते. आपल्या जुन्या जागेच्या शोधात ते अनोळखी रस्ते ओलांडते, उपाशी राहते आणि बहुतेक वेळा पुन्हा दिसत नाही. स्थलांतर फसण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. म्हणून नव्या जागी मांजराला किमान दोन आणि शक्यतो तीन ते चार आठवडे मोठ्या पिंजऱ्यात किंवा पळवाट नसलेल्या खोलीत ठेवावे लागते. या काळात नव्या जागेचे आवाज, वास, प्राणी आणि अन्न देणारी व्यक्ती यांची ओळख त्याला सुरक्षित अंतरावरून होते. ज्या आवारात त्याला पुढे राहायचे आहे तेथेच हा पिंजरा ठेवावा. दुसरीकडे कोंडून नंतर आणल्यास हा कालावधी वाया जातो.

पिंजऱ्यात लपण्यासाठी एक झाकलेली पेटी अवश्य ठेवावी. नेदरलँड्समधील एका निवाऱ्यात केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लपायला खोके मिळालेल्या नव्या मांजरांचा ताण खोके न मिळालेल्या मांजरांपेक्षा लवकर उतरल्याचे दिसून आले. अन्न आणि शौचाची पेटी एकमेकांपासून दूर ठेवावी. मोकाट मांजराला मातीची सवय असते, म्हणून सुरुवातीला पेटीत साधी माती घालावी. जुन्या जागेतील त्याच्या वासाचे एखादे कापड किंवा खोके सोबत आणल्यास उपयोग होतो.

पहिल्या आठवड्यात पेटीच्या काळोखात चमकणारे दोन डोळे एवढेच मांजर दिसते. सकाळी थाळी रिकामी असते, मातीत उकरल्याच्या खुणा असतात, आणि तेवढ्यावरूनच सारे ठीक आहे असे समजायचे. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थाळीचा आवाज झाला की कान इकडे वळतात, आपण पाठ फिरवल्यावर डोके बाहेर येते. अशा वेळी टक लावून पाहू नये. हळूच डोळे मिटावेत आणि उघडावेत. असे केल्यास मांजरेही पुष्कळदा तसाच प्रतिसाद देतात, हे ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले आहे. मोकाट मांजराकडून प्रतिसाद आला नाही तरी काही बिघडत नाही. आपण धोकादायक नाही एवढे त्याला कळले तरी पुरे.

कोंडलेले मांजर काही खात नसेल किंवा रात्रभर ओरडत असेल तर सोडून द्यावे का?

ओरडते म्हणून सोडू नये. हे बहुधा काही रात्रींतच थांबते. खात नसेल तर मात्र लक्ष द्यावे. पहिला दिवस न खाणे स्वाभाविक आहे, परंतु दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून गंभीर आजार होऊ शकतो. अशा वेळी पिंजरा आणखी झाकावा, जुन्या जागी मिळत असलेले अन्न द्यावे आणि तरीही फरक न पडल्यास पशुवैद्याशी बोलावे.

पिंजरा उघडल्यावर मांजर नाहीसे झाले. आता काय करावे?

अन्न आणि पाणी त्याच जागी, त्याच वेळी ठेवत राहावे आणि पिंजरा आत लपण्याच्या पेटीसह उघडाच ठेवावा. अनेक मांजरे काही दिवस जवळपासच दडून परिसर न्याहाळतात आणि रात्री येऊन खाऊन जातात. थाळीजवळ थोडे पीठ भुरभुरवल्यास पावलांचे ठसे दिसतात, कॅमेरा असल्यास अधिकच सोपे. किमान महिनाभर आशा सोडू नये. दरम्यान जुन्या जागीही कोणालातरी लक्ष ठेवायला सांगावे.

एकच मांजर हलवावे की दोन?

एकमेकांशी पटणारी दोन किंवा अधिक मांजरे एकत्र हलवावीत. ओळखीची सोबत असल्यास ती नव्या जागी लवकर स्थिरावतात.

मोकाट मांजर चावल्यास किंवा त्याने ओरखडल्यास काय करावे?

जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मांजराचे सुळे बारीक आणि लांब असल्याने जखम वरून लहान दिसते, पण जीवाणू खोलवर जातात आणि काही तासांत हात सुजू शकतो. रेबीजचा धोका असलेल्या प्रदेशात प्रतिबंधक लशींचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा, आणि मांजर निरोगी दिसत होते म्हणून जाण्याचे टाळू नये.

गर्भवती स्त्रियांनी मांजराच्या शौचाची पेटी साफ करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. गर्भाला अपायकारक ठरू शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे जंतू मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे पेटी रोज साफ केल्यास धोका पुष्कळ कमी होतो.

आंधळ्या, अपंग किंवा कायम उपचार लागणाऱ्या मोकाट मांजराचे काय?

येथे नियमाला अपवाद करावा लागतो. जे मांजर बाहेर जगूच शकत नाही, त्याच्यासाठी जाळीचे छत असलेले बंदिस्त अंगण किंवा स्वतंत्र शांत खोली पाहावी, जेथे त्याला उंच फळी, लपण्याची जागा आणि माणसाच्या स्पर्शाची सक्ती नसलेले आयुष्य मिळेल. फक्त तपासणीत एफआयव्ही, म्हणजे मांजराची रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, आढळला म्हणून मात्र मांजराला निकालात काढू नये. तो विषाणू मुख्यतः खोल चाव्यांतून पसरतो, नसबंदीनंतर भांडणे कमी होतात आणि अशी मांजरे अनेक वर्षे चांगली जगू शकतात.

खूप शोधूनही जागा मिळाली नाही तर?

तर सध्याच्या जागेलाच सुधारावे. इमारत पडणार असली तरी पाडकाम सुरू होण्यापूर्वी अन्नाची थाळी रोज थोडी थोडी शेजारच्या सुरक्षित जागेकडे सरकवत नेल्यास मांजरे स्वतःहून तिकडे वळतात, आणि ती जागा त्यांच्या ओळखीच्या परिसरातच असल्याने कोंडून ठेवण्याची गरज सहसा भासत नाही. प्राणिनिवाऱ्यात ठेवणे हा मोकाट मांजरासाठी दीर्घकाळचा उपाय नव्हे. तेथील गर्दी, कुंद हवा आणि सततची हाताळणी त्याला सोसवत नाही.

पुढे जागेचा मालक किंवा देखभाल करणारी व्यक्ती बदलली तर?

ही शक्यता पहिल्या दिवसापासून धरून चालावी. मांजर सोपवताना त्याचे छायाचित्र, कापलेल्या कानाची बाजू, नसबंदीची व लशींची तारीख आणि पशुवैद्याचे नाव असलेला एक कागद तयार करून त्याची प्रत जागेवर आणि एक स्वतःकडे ठेवावी. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि नंतर काही महिन्यांच्या अंतराने चौकशी करावी. व्यक्ती बदलणार असल्याचे कळल्यास जुन्या आणि नव्या व्यक्तीने काही दिवस एकत्र अन्न द्यावे, म्हणजे नव्या पावलांचा आवाज मांजराच्या ओळखीचा होतो. नवा मालक तयार नसल्यास त्याच्याकडून थोडी मुदत मागून घ्यावी आणि जागेचा शोध तत्काळ सुरू करावा, कारण तीन ते चार आठवड्यांचा बंदिस्त काळ पुन्हा पाळावा लागणार असतो.